करंगळीपर्यंतची वाट

आईची डावी करंगळी खापराला टेकलेली होती आणि ती हसत होती.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस होता. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. आई दरवर्षी धुळ्याला मामाकडे यायची आणि अख्ख्या गल्लीचे मांडे तिच्या हातचे व्हायचे. मांडा लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर झेलत वाढवतात. तो पातळ होत होत कोपराकडे सरकतो आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. तो किती पातळ झाला हे डोळ्यांना कळत नाही, हाताच्या कातडीला कळतं. आई मांडे करताना मांड्याकडे बघायचीसुद्धा नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची.

त्या दिवशी ओळीने तिसरा मांडा फाटला. मामीला चिडवायला निमित्त मिळालं.

"काय व आक्का, केळीवाला गावनी हवा लागनी का तुम्हले? मांडा फाटी राहिना."

"गहू तसा शे तुना," आई म्हणाली. "मना हातले नाव ठेवू नको."

सगळ्या हसल्या. मला आधी वास आला. मग दिसलं. फाटका मांडा सारखा करताना तिची करंगळी खापरावर टेकली होती आणि तिथेच राहिली होती. मी तिचा हात ओढला. थोडी कातडी खापरावरच राहिली. आई त्या बोटाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. नवल होतं.

"हाई कव्हय लागनं?" तिने मलाच विचारलं.

मामा दारात उभा होता. त्याने विचारलं, "दुखत नही का तुले?"

"नही."

"कव्हयपासून?"

"दिवाळीपासून. चीक शे रे तो. केळीना चीकमुळे बोटे बधिर व्हतंस."

दिवाळीपासून. मी तिथे बसल्या बसल्या महिने मोजले. सहा होत होते.

मी पत्रकांवर वाढले. वडील मी लहान असतानाच गेले. आई पूर्व जळगावात, केळीच्या पट्ट्यातल्या सासरच्या गावी राहिली आणि मला शिकायला मामाकडे ठेवलं. मामाचा धुळ्यात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि पत्रकं तो जिवासाठी छापायचा. हमालांची, विडी कामगारांची, वसतिगृहातल्या पोरांची. ओल्या शाईचे कागद मी दोरीवर वाळत घालायचे आणि वाळेपर्यंत वाचायचे. मला 'जाहीर' हा शब्द आडनावाआधी लिहिता येत होता. सतरा वर्षांची झाले तेव्हा मामाने माझा पहिला मजकूर छापला, एक स्वल्पविरामही न बदलता. त्या दिवसापासून मला वाटत आलं की एखादी गोष्ट नीट लिहून चारचौघांच्या हातात दिली की निम्मं काम झालं.

आता त्या दिवाळीबद्दल सांगते.

आई केळीच्या पॅकिंगवर जायची. बाहेरगावी जाणारी केळी बागेतच भरतात. घड उतरवून आणतात, वाकड्या पात्याच्या सुरीने त्याच्या फण्या कापतात, फण्या तुरटीच्या पाण्याच्या टाकीत सोडतात म्हणजे चीक निघून जातो, मग बायका त्या पुसून खोक्यात लावतात. आई पुसणारी होती. दिवसभर हात पाण्यात, तुरटीत आणि चिकात. चीक वाळला की काळा पडतो आणि कातडीवर दुसरी कातडी चढते. तिथल्या प्रत्येक बाईची बोटं संध्याकाळी लाकडासारखी होतात. कुणी त्याची तक्रार करत नाही. घरी येऊन रॉकेल चोळायचं, चूल पेटवायची.

एक दिवस फण्या कापणारा माणूस आला नाही. गाडी उभी होती. मुकादमाने सुरी आईच्या हातात दिली. मूठ चिकाने बुळबुळीत झालेली. डाव्या हाताने घड धरला होता. सुरी सटकली आणि मनगटाच्या चार बोटं वर, करंगळीच्या बाजूने आत गेली. बायकांनी केळीच्या खोडाचा, सोपटाचा, गाभा दाबून धरला, रक्त थांबलं. गावातल्या दवाखान्यात पाच टाके पडले. डॉक्टरने बोटं हलवायला सांगितली, ती हलली. त्यानेही पुढे काही पाहिलं नाही.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. हात कोपरापर्यंत सुजला होता. आठवड्याने सूज उतरली आणि आम्ही दोघी खूश झालो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटतंय, असं आई तेव्हा एकदा म्हणाली होती. मला नीट आठवतं, कारण मी ते लिहून घेतलं होतं. वहीत. 'बोटे बधिर' एवढंच. त्याच्याखाली मी मागण्यांची यादी सुरू केली.

दीड महिन्याने माझं पत्रक निघालं. मथळा होता : 'ही जखम कुणाची?' हातमोजे द्या, साइटवर औषधपेटी ठेवा, शिकवल्याशिवाय कुणाच्या हातात सुरी देऊ नका. वर आईच्या हाताचा फोटो. तो मीच काढला, अंगणात, उन्हात. टाक्यांचा वण स्पष्ट यावा म्हणून मी तिला हात वळवायला लावत होते.

"असा धरू का?" ती विचारत होती. "का असा?"

"बोटं सरळ कर ना आई."

"सरळच शेत."

पत्रक मी बाजाराच्या दिवशी वाटलं, जामनेरच्या बसस्टँडवर वाटलं, बागाबागांतून वाटलं. मुकादम आईला म्हणाला, "तुह्यी पोरगी कागद भलते छापते व आक्का. एक दिवस खोके भरायले पाठव ना तिले." पण महिनाभरात हातमोजे आले. आईने मला फोन करून सांगितलं. मोजे घातले की फणी हातातून निसटते, म्हणून कुणी घालत नाही, हेही सांगितलं, पण ते नंतर, हळूच. तोवर मी मामाला पेढे आणायला पाठवलं होतं.

आखाजीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही धुळ्यातच एका डॉक्टरबाईंकडे गेलो. हाताच्या नसांचं काम करणाऱ्या. माझ्यापेक्षा फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आईला डोळे मिटायला सांगितले आणि बोथट टाचणीने एकेक बोट तपासलं. अंगठा, पहिलं बोट, मधलं, आई बरोबर सांगत गेली. करंगळीवर टाचणी टेकली तेव्हा ती गप्प होती. वाट बघत होती.

"टोचा ना बाई," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वणाच्या वर बोटाने टिचकी मारली. आई दचकली. तिथे हरभऱ्याएवढी एक गाठ होती.

"इथे मुंग्या येतात?"

"करंट लागस."

मग त्यांनी विचारलं की बोटं अशी आकड्यासारखी कधीपासून वळली आहेत. मी म्हटलं, हल्लीच. मामाने खिशातून घडी केलेलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं. जखम कशी झाली ते सगळं त्यात लिहिलं होतं, त्याला वाटलं उपयोग होईल. डॉक्टरांनी मजकूर वाचलाच नाही. त्या फोटो बघत राहिल्या. मग पेनाचं टोक फोटोतल्या करंगळीवर ठेवून म्हणाल्या, "हे इथे दिसतंय की. तेव्हाच वळायला लागली होती. हा फोटो कुणी काढला?"

मी काढला होता. पाचशे प्रती छापल्या होत्या. प्रत्येक प्रत माझ्या हातातून गेली होती. माझ्या आईची नस तुटली आहे हे मी पाचशे लोकांना दाखवलं आणि मला ते दिसलं नाही.

"तेव्हा आलो असतो तर?" मामाने विचारलं.

"तर बरंच सोपं होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी ते साधेपणाने सांगितलं, बोचावं म्हणून नाही. म्हणून जास्त बोचलं.

मला समजून घ्यायचं होतं. समजून घेणं एवढंच माझ्या हातात उरलं होतं. त्यांनी पत्रक पालथं केलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर एक रेघ काढली. रेघ मध्ये तोडली.

नस तुटली, त्या म्हणाल्या, की तुटल्या जागेच्या पुढचा, बोटांकडचा भाग काही दिवसांत मरतो. मुळापासून तुटला, म्हणून. मेलेल्या धाग्यांचे आणि त्यांच्यावरच्या वेष्टणाचे तुकडे वाटेतच पडून राहतात. ते तिथे असेपर्यंत नवा धागा पुढे येऊ शकत नाही. मग रक्तातून पांढऱ्या पेशी येतात.

"शरीराचे सैनिक," मी म्हटलं. शाळेत तसंच शिकवलं होतं आणि मला ती भाषा आवडायची.

"इथे लढाई कुठेय?" त्या म्हणाल्या. "इथे झाडलोट आहे. त्या तो सगळा राडा खातात, एकेक तुकडा. तुटलेल्या जागी नव्या बारीक रक्तवाहिन्या बोलावून घेतात. त्या रक्तवाहिन्यांच्या आधाराने दुरुस्तीच्या पेशी पलीकडे जातात. एवढं झालं की वरच्या टोकातून कोंब फुटतो. दिवसाला मिलिमीटरभर सरकतो, तोही सगळं नीट असलं तर."

"आईच्या हातात त्या आल्या होत्या?"

"आल्या असणारच. पहिल्या आठवड्यात हात सुजला होता ना? सुजेत त्यांचं काम चाललेलं असतं. पण दोन टोकं एकमेकांपासून लांब गेली होती. तेवढं अंतर त्यांना भरून काढता येत नाही. कोंब फुटला, वाट सापडली नाही, आणि तिथेच गोळा होऊन बसला. ती गाठ म्हणजे तेच."

"आणि पुढची साफ केलेली वाट?"

"थांबते. पण कायमची नाही थांबत. धाग्याला वाट दाखवणाऱ्या पेशी हळूहळू दमतात. स्नायू वाळतात."

आईला तिच्या गावी सोडायला जाताना बसमध्ये मी एकच गोष्ट डोळ्यांसमोरून हलवू शकत नव्हते. ज्या आठवड्यात मी मथळ्यासाठी शब्द शोधत होते, त्याच आठवड्यात माझ्या आईच्या हाताच्या आत, कुणी न सांगता, कामाला माणसं आली होती. त्यांनी वाट झाडून ठेवली होती. वरून फक्त दोन टोकं कुणीतरी जोडून द्यायची होती, आणि ते काम आमचं होतं. आम्ही सूज उतरली म्हणून खूश झालो होतो.

शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, पायातल्या एका नसेचा तुकडा घेऊन मध्ये जोड दिला. डॉक्टर म्हणाल्या, उशीर झालाय, आशा ठेवा पण फार नको. मला त्यांनी एक काम दिलं. जोडाच्या पुढे नसेवरून बोटाने हळूहळू टिचक्या मारत जायचं. नव्या धाग्याचं टोक जिथे पोचलं असेल तिथे मुंग्या येतात. तिथे खूण करायची, शेजारी तारीख घालायची. आठवड्यातून एकदा पुरे.

मी दर रविवारी जायला लागले. धुळ्याहून सकाळची बस, पारोळ्यावरून जळगाव, तिथून दुसरी गाडी, मग रिक्षा. आई ओसरीवर हात मांडीवर घेऊन तयार बसलेली असायची, डोळे आधीच मिटलेले. मी टिचकी मारत पुढे जायचे आणि मुंग्या आल्या की ती म्हणायची, "अठे. अठे उनं." मी बॉलपेनने आडवी रेघ मारायचे. पहिले काही रविवार काहीच नव्हतं. मग एक दिवस जोडाच्या पुढे दोन बोटं अंतरावर ती दचकली आणि हसली. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारीण बघायला आली.

"काय व, पोरीनं तुह्या हातावर शिवार मोजलं का?" ती म्हणाली. "वाटणी करते का काय आईची!"

आठवडाभर आंघोळीत खुणा पुसट व्हायच्या. आई त्या स्वतः पेनाने पुन्हा गिरवून ठेवायची. साइटवर तिला आता फक्त खोक्यांना कागद लावायचं काम होतं. तिथे बायका तिला विचारायच्या, आज कुठवर आली गाडी? आणि ती हात पुढे करून दाखवायची. मनगट ओलांडलं तेव्हा तिने मला सोमवारीच फोन केला, रविवारपर्यंत धीर निघाला नाही तिला. तळहाताच्या कडेवर आलं. मग करंगळीच्या मुळाशी. मग पहिल्या पेरावर. माझ्या खोलीत भिंतीवर मी कागद लावला होता, त्यावर मी अंतरं लिहीत होते. आयुष्यात पहिल्यांदा असा कागद लिहीत होते जो कुणाला वाटायचा नव्हता.

दसऱ्यानंतर डॉक्टरांकडे तपासणी होती. त्यांनी खुणा पाहिल्या, छान म्हणाल्या. मग पुन्हा आईचे डोळे मिटवून टाचणी घेतली. करंगळीवर काही नाही. पहिल्या पेरावर नाही, मुळाशी नाही. तळहाताच्या कडेपाशी आई म्हणाली, हां. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "टिचकीच्या मुंग्या पुढे असतात, खरी जाणीव मागून येते," त्या म्हणाल्या, पण म्हणताना थोडं अडखळल्या. "पुढच्या वेळी बघू."

पुढच्या रविवारी मी नेहमीसारखी ओसरीवर बसले. आईने डोळे मिटले. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि बोट तिच्या करंगळीवर धरलं, कातडीपासून थोडं वर. टेकवलं नाही.

मी थांबले. आईचा चेहरा लक्ष देऊन ऐकणाऱ्यासारखा झाला होता.

"उनं," ती म्हणाली. "दुसरा पेरलोंग उनं आज."

मी पेनाचं टोपण काढलं नाही. तिला तो आवाज ओळखीचा होता, तो आला नाही म्हणून तिने डोळे उघडले. माझं बोट अजून हवेतच होतं. तिने ते पाहिलं.

मी बोट खाली घेतलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"राखीपासून."

"म्हणजे तळहाताच्या पुढे काहीच आलं नाही."

"नही."

"मला का नाही सांगितलंस? डॉक्टरांना का नाही सांगितलंस? मी कागदावर लिहीत होते, आई. मी खोटं लिहीत होते." माझा आवाज चढला होता. सभेत चढतो तसा. मला तो थांबवता येत नव्हता. "तुला कळतं का, त्यावरून ते पुढचं ठरवतात!"

"वरडू नको. शेजारले ऐकाई जाई."

"जाऊ दे."

आईने हात आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "तू इतला लांबून येस. एक दिवस मी सांगं, आज नही उनं. तू काही बोलनी नही. भांडा घासात, पानी भरात, आनि बसमा बसनी. तोंड अशं उतारेल." तिने उजव्या हाताने स्वतःचा चेहरा खाली ओढून दाखवला. "आठ दिवस मना डोयासमोर तुनं तेच तोंड व्हतं. मंग मी ठरायं, उनं अशं म्हनानं. मना बोट नही उनं ते नही उनं. तुले तरी बरं वाटी."

मला ओरडायचं होतं. कुणावर, ते ठरत नव्हतं. मुकादमावर लिहिता येत होतं, टाके घालणाऱ्यावर लिहिता येत होतं. पण ज्या बाईची करंगळी माझ्या डोळ्यांसमोर वळत गेली आणि जिने ती गेल्याचं मला कळू नये म्हणून दर रविवारी डोळे मिटून खोटं सांगितलं, आणि आठवडाभर ते खोटं हाताने गिरवून ताजं ठेवलं, तिच्याबद्दल कुठल्या चौकात उभं राहून काय वाटायचं?

डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, अंदाज होता मला. धागा तिथवर आला हेही कमी नाही, हाताची कड तरी राखली जाईल, भाजणार नाही. पुढचं आता फारसं होणार नाही. आत जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं तिच्या शरीराने केलं. कमी पडला तो वेळ.

मी आत जाऊन फडकं ओलं करून आणलं. खोट्या खुणा ठेवायच्या नव्हत्या. आईने नाही म्हटलं नाही, हात पुढे केला. तळहाताच्या कडेवरची खरी खूण मी तशीच राहू दिली. तिच्या पुढच्या एकेक पुसत गेले. शाई खोल बसली होती, रोज गिरवलेली. करंगळीच्या मुळावरची. पहिल्या पेरावरची. आई माझ्याकडे बघत नव्हती, अंगणाकडे बघत होती.

"पुसाई गयी का?" तिने विचारलं.

बोटावर काहीच उरलं नव्हतं. नुसती ओली कातडी होती, थोडी लाल झालेली.

"नाही अजून," मी म्हणाले, आणि ते बोट धरून बसले.